विमानाची पक्की वही

माझं अक्षर चांगलं आहे. सगळी भानगड तिथूनच सुरू होते, म्हणून तेच आधी सांगून टाकतो.

सौसरला एका सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं नकला केल्या. कचेरी कोणती ते विचारू नका, पेन्शन अजून तिथूनच येते. मूळ कागद समोर ठेवायचा, त्याची साफ नक्कल उतरवायची, खाली 'सत्य प्रतिलिपि' लिहून सही करायची आणि शिक्का मारायचा, एवढंच काम. मुलूख मध्य प्रदेशचा म्हणून कारभार हिंदीत आणि बाहेर ओट्यावर खोळंबलेली माणसं मराठी बोलणारी, त्यामुळे त्यांचे अर्जही मीच लिहून द्यायचो. 'वामनबाबूच्या हातचा कागद वापस येत नाई' असं लोक म्हणायचे. ते ऐकून मी वरून कपाळाला आठ्या घालायचो आणि आतून फुगायचो. खोटं कशाला बोलू?

गुणवंता सोमकुंवर माझा शाळेपासूनचा मित्र, पांढुर्ण्याचा. तो हवाई दलात सुतार होता. हे सांगितलं की लोक हसायचे, विमानात सुताराचं काय काम म्हणून. पण त्याच्या उमेदीच्या काळात शिकाऊ विमानं, ग्लायडरं लाकडाचीच असत आणि ती दुरुस्त करणारी माणसं सुतारच असत. १९७३ साली तो नोकरी संपवून घरी आला तो एकच वेड घेऊन आला. स्वतःच्या हातानं एक विमान बांधायचं. एका माणसापुरतं, आतून लाकडाचं, वरून कापड चढवलेलं. भगवंतराव नावाच्या बागाइतदारानं आपल्या संत्र्याच्या बागेतलं टिनाचं रिकामं गोदाम त्याला वापरायला दिलं, आणि त्या गोदामात गुणवंतानं बारा वर्षं काढली.

गाव काय सोडतं होय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, पांढुर्ण्याचे लोक अलीकडून आणि सावरगावचे पलीकडून गोटे मारतात. दर वर्षी कुणीतरी गोदामाच्या दारात येऊन विचारायचंच, "काय गुणवंता, औंदा वरून गोटे टाकतं का सावरगाववाल्यायवर?" गुणवंता रंधा न थांबवता म्हणायचा, "थांब, आधी त्यायले ईचारून येतो."

पण ही गोष्ट विमानाची नाही, वहीची आहे.

विमानाच्या पंखाच्या आत लाकडी फासळ्या असतात. एकेक फासळी म्हणजे बारीक काड्या एकमेकींना सरसानं चिकटवलेल्या. सरस नीट धरला तर पंख पंख, नाहीतर वर गेल्यावर माणसाचा कारभार आटोपला. गुणवंता प्रत्येक जोडाची नोंद ठेवायचा. तारीख, लाकूड कोणत्या फळीतलं, सरस किती वाजता कालवला, हवा कोरडी की दमट, आणि त्याच सरसानं चिकटवलेला एक नमुना तुकडा दुसऱ्या दिवशी मोडून पाहिला तर काय झालं. एखादा जोड निकामी निघाला की त्या नोंदीवर तो एक आडवी रेघ मारायचा, बाजूला 'तुटला' लिहायचा आणि खाली नव्या जोडाची नोंद करायचा. अशा दोनशेपानी सात वह्या झाल्या.

"इतकं कायले लिवतं बे?" मी त्याला एकदा विचारलं होतं.

"कापड चढवलं का आतलं काई दिसत नाई, वामन. मंग आत काय हाय थे वहीच सांगते. जो बसन त्याचा जीव वहीवर असते. वही नाई त विमान नाई, निस्तं फर्निचर हाय."

१९८५ साली विमान पुरं झालं आणि त्याच साली गुणवंताचे डोळे गेले. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती टिकेल तेवढी टिकेल. ती दिवाळीपर्यंतही टिकली नाही. बारा वर्षं ज्यानं केसाइतकी फट डोळ्यानं पकडली, तो आता घरात भिंतीला हात लावून चालायला लागला. मी भेटायला गेलो आणि त्याच्या खाटेशी बसलो. आधी तोच बोलला.

"इकून टाकतो, वामन."

"विमान?"

"मी त आता उडवू शकत नाई. पण थे उडालं पायजे. दिसत नाई मले, पण आवाज त आयकू येते नं? एकडाव पांढुर्ण्यावरून जाऊ दे. मी आंगनात खाट टाकून बसन."

त्याची बायको मनकर्णा चुलीपाशी होती. तिनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच फुंकणी घेऊन चूल फुंकायला लागली. गुणवंताला एवढंच हवं होतं, आणि ते मागायला त्याला बारा वर्षांचा हक्क होता.

विमान विकायचं म्हणजे त्याच्याबरोबर वह्याही द्यायच्या, असा रिवाज असतो. घेणारा आधी वह्या वाचतो, मग विमानाला हात लावतो. गुणवंताच्या वह्यांना सरस लागलेला, पानं एकमेकांना चिकटलेली, निम्मं पेन्सिलीनं लिहिलेलं. त्यानं सातही वह्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"तुह्या हातानं उतरव. जशीच्या तशी."

जशीच्या तशी. मी हा शब्द त्याच्या कानानं ऐकायला हवा होता. मी तो कचेरीच्या कानानं ऐकला. आमच्या कचेरीत जशीच्या तशी म्हणजे जी नोंद चालू आहे ती जशीच्या तशी. खोडलेली नोंद नकलेत येत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा नत्थूजी नावाचे बडेबाबू होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझी एक नक्कल टराटरा फाडली होती, कारण मी खोडलेली ओळसुद्धा खोडून उतरवली होती. "जो कट गया सो मर गया, वामन. मुर्दे की नकल नहीं बनती." त्या दिवसापासून खोडलेल्या ओळीवरून माझा डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. आजही कुणाच्या चिठ्ठीत काही खोडलेलं दिसलं तर मी ते वाचत नाही.

दोन महिने मी रोज पहाटे उठून, कचेरीच्या आधी, ती नक्कल केली. जाड पुठ्ठ्याची मोठी वही आणली, नोंदी निळ्या शाईनं, मथळे लाल शाईनं. जिथं रेघ मारलेली होती आणि 'तुटला' लिहिलं होतं ते सोडलं, खालची शेवटची नोंद तेवढी उतरवली. फळी तीच, सरस तोच असेल तिथं 'वरीलप्रमाणे'. असे किती जोड सोडले ते मी मोजलं नाही. तीस असतील, चाळीस असतील. वही अशी देखणी झाली की मीच ती पुन्हा पुन्हा उघडून बघायचो. आणि मग मला अवदसा आठवली. शेवटच्या पानावर मी 'सत्य प्रतिलिपि' लिहिलं, सही केली आणि कचेरीत नेऊन तिच्यावर शिक्का मारला. घरच्या वहीवर सरकारी शिक्का! कुणाच्या नजरेला आलं असतं तर नोकरी गेली असती. पण शिक्क्याशिवाय ते पान मला उघडंबोडकं वाटत होतं.

मूळ वह्यांचं काय केलं तेही सांगतो, सांगायला तोंड नाही तरी. नक्कल सोडली तर आमच्याकडं दुसरं लिखाण असतं मसुद्याचं, आणि मसुदा साफ झाला की फाडून टाकायचा, नाहीतर पुढं वाद उभा राहतो. गुणवंताच्या त्या चिकट, पेन्सिलीच्या वह्या मला मूळ कागद वाटल्याच नाहीत. मसुदा वाटल्या. संत्र्याचा हंगाम होता. शेजारच्या बागेत पेट्या भरणं चाललं होतं, फळांना गुंडाळायला रद्दी कमी पडत होती. मी सातही वह्या उचलून दिल्या. त्या कलकत्त्याला गेल्या, एकेका संत्र्याभोवती एकेक पान.

ज्याचा मूळ कागद मी स्वतः रद्दीत घातला, त्याच्यावर मी 'सत्य प्रतिलिपि' लिहिलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. इतक्या वर्षांच्या बाबूला कळलं नाही.

नवी वही घेऊन मी पांढुर्ण्याला गेलो. गुणवंतानं पुठ्ठ्यावरून हात फिरवला, पान नाकाशी धरून शाईचा वास घेतला, आणि लहान पोरासारखा हसला. मग म्हणाला, "अन् माह्या जुन्या वह्या?"

तेव्हा पहिल्यांदा मला त्या संत्र्याच्या पेट्या आठवल्या.

"हायेत माह्यापाशी. ठेवल्या नीट," मी म्हणालो.

फेब्रुवारीत नागपूरहून यशवंतराव आले. साठीचे, सडपातळ, सगळी हयात विमानं तपासण्यात घालवलेले. त्यांना आता स्वतःसाठी एक लहान विमान हवं होतं. जीपमधून उतरले ते सरळ गोदामात. दोन तास त्यांनी त्या विमानाभोवती काढले. बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे, बोट सांध्यात घालून वास घ्यायचे. गुणवंता एका खोक्यावर बसून त्यांच्या पावलांच्या आवाजाकडं तोंड वळवत होता.

"गुणवंतराव," ते शेवटी म्हणाले, "इतकं स्वच्छ काम मी कारखान्यातसुद्धा पाहिलं नाही."

गुणवंतानं हात जोडले, तेही जरा चुकीच्या दिशेला.

मग मनकर्णानं चहा आणला आणि गुणवंतानं आपलं मागणं सांगितलं. "नागपूरले नेऊन, जोडून, तुमाले उडवाची परमिशन भेटली का एक चक्कर इकडं मारा साहेब. जामसांवलीकडून या म्हंजे नदी धरून सरके पांढुर्ण्यावर येता."

"एक कशाला? दोन मारीन," यशवंतराव म्हणाले. "दुसऱ्या वेळी खाली येऊन. तुमच्या कौलांवरून."

त्या क्षणी गुणवंताच्या तोंडावर जे होतं ते मी पाहिलं आहे. तेच मी पुढं मोडलं.

"वही बघू आता," यशवंतराव म्हणाले.

ते वाचायला लागले. दहा पानं, वीस पानं. मी समोर ताठ बसून होतो. त्यांच्या भुवया वर जात होत्या आणि मला वाटत होतं की माणूस अक्षर बघून थक्क झाला. काय म्हणावं माझ्या अकलेला! मग ते पानं भरभर उलटायला लागले, मागं गेले, पुढं आले, शेवटच्या पानावर थांबले.

"मूळ वह्या कुठं आहेत?"

"या वामनपाशी," गुणवंता म्हणाला.

"हो. घरी, सौसरला," मी म्हणालो.

यशवंतरावांनी वही मिटली आणि मला म्हणाले, "जरा बाहेर येता?"

संत्र्याच्या झाडांत आम्ही उभे राहिलो. त्यांनी आवाज खाली आणला.

"खरं सांगा. मूळ वह्या आहेत?"

"आता नाहीत."

"होत्या तरी का?" मी उत्तर द्यायच्या आत ते पुढं बोलले. "वामनराव, तीस वर्षं मी हेच वाचतो आहे. मी स्वतः जोड केलेत, माझे फुटलेत. चारशे जोड आणि एकही फुटला नाही? भर पावसाळ्यात केलेलासुद्धा नाही? असा कारागीर अजून जन्माला यायचा आहे. ही वही काम चालू असताना लिहिलेली नाही. विमान झाल्यावर बसून, एका शाईत, एका हातानं लिहिलेली आहे. विकण्यासाठी." मग त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "आणि हा शिक्का इथं कसा आला, ते मी विचारत नाही."

मला फक्त तीन वाक्यं बोलायची होती. चुका होत्या. त्यानं त्या लिहिल्या होत्या. मी त्या गाळल्या. एवढंच. वेळ किती लागला असता? पण त्यांचं बोट शिक्क्यावर होतं आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. शिवाय दुसरी गोष्ट, जी मला जास्त लाजवते. माझी नक्कल चुकली हे तोंडातून निघेना. इतक्या वर्षांत मी ते वाक्य कधी उच्चारलंच नव्हतं. मी खाली पडलेल्या पाल्याकडं बघत राहिलो.

"काम चांगलं दिसतं," ते जरा थांबून म्हणाले, "पण जो माणूस वहीत खोटं लिहितो त्याच्या जोडावर मी बसणार नाही. त्यांना दिसत नाही, त्यांना मी लागेलसं बोलणार नाही. लाकूड जुनं झालं म्हणून सांगतो."

आणि आत जाऊन त्यांनी तसंच सांगितलं. लाकूड फार दिवस पडून राहिलं, जोखीम घेता येत नाही, इंजिन, पुढचा पंखा, चाकं आणि आतली वेग-उंची दाखवणारी घड्याळं घेऊन जातो.

मला वाटलं गुणवंता वाद घालेल. त्यानं नुसती मान हलवली. "बराबर हाय साहेब. लाकडाचा काय भरोसा? मले दिसत असतं त मीच सांगतलं असतं."

आठवड्यानं माणसं येऊन इंजिन काढून घेऊन गेली. गुणवंता अंगणात खाटेवर बसून ट्रकचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकत होता, असं मनकर्णानं मला नंतर सांगितलं.

मी गप्प राहिलो. रोज ठरवायचो की नागपूरला जाऊन यशवंतरावांना सगळं सांगायचं. एका रविवारी बसमध्ये बसलोसुद्धा. सावनेरला खाली उतरलो, स्टँडवर चहा घेतला आणि समोर लागलेल्या सौसरच्या गाडीत बसून परत आलो. बायकोला सांगितलं, साहेब भेटले नाहीत. कोण साहेब ते तिनं विचारलं नाही, तेवढं बरं झालं.

मे महिन्यात भगवंतरावांचा निरोप आला की गोदाम रिकामं करून द्या, छत बदलायचं आहे. गुणवंतानं मला बोलावलं. विमानाचा सांगाडा ठेवायला जागा नव्हती आणि लाकूड तर, त्याच्या समजुतीनं, बाद झालं होतं.

"पंख कापू," तो म्हणाला. "लांब काड्या निघतीन, मांडवाले कामी येतीन. तू करवतीचं एक टोक धर."

मी धरलं. हे मी लपवत नाही. माझ्याच हातांनी मी ते टोक धरलं. गुणवंतानं पंखावर बोटं चालवत जागा शोधली, कापड चिरलं, आणि आम्ही करवत चालवली. डावा पंख अर्ध्यातून खाली आला. मग त्यानं आतली एक फासळी ओढून बाहेर काढली, गुडघ्यावर ठेवली आणि काटकी मोडावी तशी मोडली. कडाड आवाज आला. त्यानं मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि थांबला.

"वामन, हे पाय. कोठून तुटली?"

मी पाहिलं. "काडी तुटली."

"अन् जोड?"

"जोड हाय तसाच हाय."

त्यानं दुसरी मोडली. तिसरी मोडली. प्रत्येक वेळी काडी तुटायची, जोड तसाच राहायचा. पाचव्या फासळीला तो हसायला लागला. "अरे, सरस लाकडाहून पक्का हाय! बारा वर्सं झाली. अन् लाकूड पाय, ताजं तुटून राह्यलं. जुनं झालं असतं त भुसा पडला असता." तो आनंदानं बोलत होता आणि अजून एक फासळी चाचपत होता, आणि मधेच त्याचा हात राहिला.

"मंग यशवंतरावानं काऊन नाई घेतलं?"

मी करवतीच्या दात्यांतला भुसा काढत बसलो.

"लाकडात काई नाई. मंग वहीतच काई चुकलं असन माह्या हातून. एखादी तारीख, काईतरी." त्यानं बाहेर बसलेल्या मनकर्णाला हाक मारून घरून वही आणायला पाठवलं. ती येईपर्यंत आम्ही त्या कापलेल्या पंखाशेजारी बसून होतो आणि तो बोटांवर कसले तरी हिशेब करत होता. वही आली. "वाच," तो म्हणाला. "डाव्या पंखाच्या फासळ्या. एक नंबरापासून."

मी वाचायला लागलो. एक ते आठ झाल्या.

"फासळी नऊ," मी वाचलं. "दिनांक १९ ऑगस्ट १९७८. हवा कोरडी. नमुना ठीक."

"एकोणीस त तिसऱ्या खेपेची तारीख हाय. बाराले तुटली होती, जामले पूर होता त्या दिवशी. चवदाले पुन्यांदा तुटली. थे वाच."

"थे नाई."

"पान पलटव."

"पुढच्या पानावर दहा नंबर हाय, गुणवंता."

"मंग थे दोन कोठी हायेत?"

"म्या नाई उतरवले."

"काऊन?"

"खोडलेले होते."

मनकर्णा दारात उभी होती, तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. गुणवंता अगदी हळू म्हणाला, समजावून सांगितल्यासारखं, "म्या खोडलं नोतं, वामन. तुटलं हे दिसावं म्हणून रेघ मारली होती. असे किती सोडले?"

"रेघ होती थे सारे."

"अन् यशवंतरावानं हेच वाचलं?"

"हो."

"काय म्हणे?"

सांगावंच लागलं. एकही जोड फुटत नाही असं होत नाही, ही वही मागाहून विकण्यासाठी लिहिली, असं म्हणाले. गुणवंतानं ते ऐकलं. त्याचा चेहरा एकदम उजळला आणि मला वाटलं त्याला वेड लागलं. पण त्याच्या डोक्यात भलतंच आलं होतं.

"अरे मंग मूळ वह्या दाखव नं त्यायले! एक पंख कापला त कापला. दुसरा हाय. डावा मी हातानं चाचपून करीन, तू फक्त वाचून सांग. करू नं मनकर्णे आपुन? उद्याच वह्या घेऊन नागपूरले..."

"वह्या नाहीत." मी शुद्ध मराठीत बोललो. भीतीनं माझी भाषासुद्धा कचेरीची झाली.

"नाईत म्हंजे?"

"संत्र्याच्या पेट्यांत गेल्या. गुंडाळायला."

"संत्र्यायले?" त्यानं विचारलं. आणि पुन्हा एकदा, "सातही?"

"सातही."

गुणवंता मोडलेल्या फासळ्यांवरून हात फिरवत होता, एकेक उचलून शेजारी नीट लावून ठेवत होता. मला वाटलं आता शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. त्यानं एकच विचारलं.

"साहेब मले लबाड म्हणत होते, तवा तू तेथीच उभा होता?"

"हो," मी म्हणालो.

मनकर्णा त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली. उरलेला पंख मी एकट्यानं कापला नाही. भगवंतरावांच्या गड्यांनी तो नंतर कापला असेल. यशवंतरावांना मी त्याच आठवड्यात सगळं लिहून कळवलं, शिक्क्यासकट. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. इंजिन त्यांनी केव्हाच दुसऱ्या विमानावर चढवलं होतं. गुणवंतरावांची माझ्या वतीनं क्षमा मागा, असंही त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र मी पांढुर्ण्याला घेऊन गेलो. मनकर्णानं दारातच घेतलं, 'जयभीम भाऊजी' म्हणाली आणि आत या असं म्हणाली नाही.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि त्याचा अर्ज आमच्याच कचेरीत करावा लागे. मी कचेरीच्या खिडकीशी बसलो होतो. मनकर्णाचा हात धरून गुणवंता फाटकातून आत आला. मी खुर्ची सोडून उठलो, कागद काढला, टाक झटकला. ती दोघं माझ्या खिडकीकडं आली नाहीत. बाहेर झाडाखाली पैसे घेऊन अर्ज लिहिणारा एक माणूस बसतो, त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. गुणवंता त्याच्यासमोर उकिडवा बसला, आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, हवाई दलातला नंबर, एकेक शब्द सावकाश सांगायला लागला. प्रत्येक ओळ झाली की तो त्या माणसाला थांबवायचा, आणि मनकर्णाला विचारायचा, "म्या सांगतलं तेच लिवलं का त्यानं?" तिला वाचता येत नव्हतं, तरी ती कागदावर वाकून बघायची आणि हो म्हणायची.